औषध पोहोचतं कुठवर?



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत ते डॉक्टर रुग्णाच्या हातात नुसती चिठ्ठी ठेवून मोकळे होत नसत. औषध कशासाठी, अंगात गेल्यावर ते काय करतं, त्याचा त्रास कोणता, हे समोरच्याला कळेल असं सांगितल्यावरच ते पुढच्या रुग्णाला आत बोलवत. म्हणून त्यांच्या नावानं होणाऱ्या या व्याख्यानात औषधाबद्दलच, आणि त्यातही औषध वाहून नेण्याच्या एका पद्धतीबद्दल, बोलायचं मी ठरवलं. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते. कॅन्सरचं औषध स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म पिशवीत भरून शरीरात कसं पाठवतात, त्यातून काय साधलं, काय राहिलं आणि आपल्या धाराशिव जिल्ह्याचा या सगळ्याशी काय संबंध, असा आजचा विषय आहे.

विषय वाटतो तितका परका नाही. २०२१ चा मे महिना आठवा. कोरोनाची दुसरी लाट ओसरत होती आणि काळ्या बुरशीनं, म्हणजे म्युकरमायकोसिसनं, डोकं वर काढलं होतं. कुणाचा डोळा गेला, कुणाचा जबडा काढावा लागला. त्या दिवसांत गावोगावचे नातेवाईक एका इंजेक्शनसाठी या शहरातून त्या शहरात फिरत होते. चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं, ‘लिपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन बी’. त्यातलं अ‍ॅम्फोटेरिसिन हे जुनं औषध, १९५० च्या दशकातलं. बुरशी ते मारतंच, पण मूत्रपिंडालाही धरतं. ते लिपोसोमच्या, म्हणजे अशाच स्निग्ध पिशवीच्या, आवरणात दिलं की मूत्रपिंडावरचा मार पुष्कळ कमी होतो आणि डॉक्टरांना पुरेसा डोस देण्याचं धैर्य येतं. तेव्हा जी धावाधाव झाली ती बुरशीनाशकाइतकीच त्याच्या आवरणासाठीही होती.

या आवरणावर आपल्याकडे फार आधी काम झालं होतं, हे तेव्हा फारसं कुणी सांगितलं नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात आणि सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी दिल्ली विद्यापीठातले प्रा. बी. के. बछावत यांच्याबरोबर लिपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन विकसित केलं आणि भारतीय रुग्णांवर त्याच्या चाचण्या घेतल्या. परदेशी इंजेक्शन इथल्या रुग्णाच्या आवाक्याबाहेरचं होतं, म्हणून हा खटाटोप. २०२१ च्या त्याच मे महिन्यात वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसमध्ये अ‍ॅम्फोटेरिसिनचं इमल्शन तयार होऊ लागलं. तेही स्निग्ध पदार्थावर आधारलेलंच औषध.

आता ही पिशवी असते कशी ते पाहू. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवती फॉस्फोलिपिड नावाच्या रेणूंचा पातळ पडदा असतो. या रेणूचं डोकं पाण्याकडे ओढ घेतं आणि त्याच्या दोन शेपट्या पाण्यापासून पळतात. असे असंख्य रेणू पाण्यात सोडले की ते आपोआप दुहेरी थरात उभे राहतात. डोकी पाण्याच्या बाजूला, शेपट्या एकमेकींकडे तोंड करून आत. हा थर वळून मिटला की पोटात पाणी धरलेली गोल पिशवी तयार होते. केंब्रिजजवळच्या बाब्रहम इथल्या संस्थेत अलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकात हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. १९६५ मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. पुढे काही वर्षांतच ग्रेगरी ग्रेगोरियाडिस यांनी या पिशवीतून औषध नेता येईल असा विचार मांडला. पाण्यात विरघळणारं औषध पिशवीच्या पोटात ठेवायचं, तेलात विरघळणारं तिच्या भिंतीत.

आकाराचा अंदाज यावा म्हणून सांगते. एका मिलिमीटरमध्ये १० लाख नॅनोमीटर असतात. कॅन्सरवर वापरली जाणारी लिपोसोम साधारण ८० ते १०० नॅनोमीटरची असतात. म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेवर ती दहा हजार तरी ओळीनं बसतील. आणि ती बनतात कशापासून? या औषधांपैकी सर्वांत प्रसिद्ध औषधाच्या भिंतीत प्रामुख्यानं सोयाबीनपासून काढलेलं फॉस्फोलिपिड असतं, जोडीला कोलेस्टेरॉल. खरिपात आपल्या जिल्ह्यात नजर पोहोचेल तिथवर जे पीक उभं असतं, त्याच्याच बियांत या भिंतीचा कच्चा माल आहे. आपण सोयाबीनचा भाव तेल आणि पेंडेवर मोजतो. औषधाला लागेल इतक्या शुद्धतेचं हे फॉस्फोलिपिड काढणं हा वेगळा आणि अवघड उद्योग आहे. तो लातूर-धाराशिवच्या पट्ट्यात का उभा राहू नये, हा प्रश्न मी इथल्या तरुण उद्योजकांकडे सोपवते.

त्या प्रसिद्ध पिशवीतलं औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन. ज्यांच्या घरात स्तनाच्या कॅन्सरची केमो झाली आहे त्यांना हे लाल रंगाचं औषध ठाऊक असेल. सलाइनच्या नळीतून लाल थेंब उतरतात आणि लघवीलाही तोच रंग येतो. इटलीत कास्तेल देल माँते या किल्ल्याच्या परिसरातल्या मातीत सापडलेल्या सूक्ष्मजीवाच्या जातीपासून ते मिळालं, आणि जवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून त्याला अ‍ॅड्रियामायसिन असं नाव पडलं. पेशीतल्या डीएनएच्या पायऱ्यांमध्ये शिरून ते पेशीचं विभाजन रोखतं. औषध फार गुणाचं. पण ते हृदयाच्या स्नायूला इजा करतं आणि ती इजा साठत जाते. शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे आयुष्यभरात ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या आसपास डॉक्टर हात आखडता घेतात. कॅन्सर मागे हटत असतानाही औषध थांबवावं लागतं, कारण हृदय साथ सोडेल.

जेरुसलेममध्ये येखेझ्केल बारेनहोल्झ आणि अल्बर्टो गाबिझॉन यांनी हे औषध लिपोसोममध्ये भरायचं ठरवलं. त्यांचा पहिला प्रयत्न रुग्णांवर फसला, आणि माझ्या विद्यार्थ्यांना मी यशापेक्षा हे अपयश जास्त तपशिलानं शिकवते. पहिली लिपोसोम रक्तात शिरताच यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशींनी ती उचलली. शिवाय औषध वाटेतच गळत होतं. मग दोन गोष्टी केल्या गेल्या. एक, पिशवीवर पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्यांची लव लावली. ती पाणी धरून ठेवते आणि भक्षक पेशींना पिशवीची ओळख लवकर पटत नाही. दुसरी गोष्ट अधिक हुशारीची. पिशवीच्या पोटात आधी अमोनियम सल्फेटचं द्रावण भरलं आणि बाहेरचं काढून टाकलं. डॉक्सोरुबिसिन बाहेरून आत शिरतं, आत गेल्यावर सल्फेटशी जुळून त्याचे स्फटिकासारखे कण होतात आणि परतीची वाट बंद होते. अशा एका पिशवीत औषधाचे दहा हजारांहून अधिक रेणू मावतात. साधं डॉक्सोरुबिसिन मिनिटांतच रक्तातून बाहेर पडून ऊतींमध्ये पसरतं. हे दोन-तीन दिवस रक्तात टिकतं. नोव्हेंबर १९९५ मध्ये अमेरिकेत डॉक्सिल या नावानं त्याला मान्यता मिळाली.

त्यानंतर काय दिसलं ते आकड्यांत पाहू, कारण ‘नॅनो’ हा शब्द ऐकून माणूस आकडे विचारायचा थांबतो. पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या ५०९ स्त्रियांवर एक मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २००४ मध्ये आले. लिपोसोमल औषध घेणाऱ्यांचा रोग मध्यक हिशेबानं ६.९ महिने आटोक्यात राहिला, साधं औषध घेणाऱ्यांचा ७.८ महिने. म्हणजे जवळजवळ सारखाच. कॅन्सर मारण्यात नवं औषध जुन्याच्या पुढे गेलं नाही. हृदयाची इजा मात्र खूपच कमी झाली. केस जाण्याचं प्रमाण ६६ टक्क्यांवरून २० वर आलं. ज्या बाईनं केस गेले म्हणून लग्नकार्यात जाणं सोडलं, तिला विचारा हा फरक केवढा असतो. अर्थात हे फुकट मिळालं नाही. हातापायांची कातडी लाल होणं, भाजल्यासारखी आग होणं, साल निघणं, हा त्रास साध्या औषधात २ टक्के स्त्रियांना होता, लिपोसोमलमध्ये ४८ टक्के स्त्रियांना झाला.

इथे मला थांबायचं आहे. हा त्रास जिवावरचा नाही, डोस पुढे ढकलला की उतरतो, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. रुग्णाला सूचना देतात, गरम पाण्यात हात घालू नका, घर्षण टाळा, घट्ट चप्पल नको. भूम-परंड्याकडची शेतमजूर बाई खुरपणीला जाते, सोयाबीन काढते, कांदे भरते. तळहाताचं घर्षण टाळणं म्हणजे तिच्यासाठी रोजगार बुडणं. हृदय वाचतं आणि त्या महिन्यांची मजुरी जाते. मी हे औषधाच्या विरोधात सांगत नाही. हृदय हजार वेळा आधी. पण औषध देणाऱ्यानं तिच्या कामाबद्दल विचारलं पाहिजे आणि घरच्यांनी ते काम वाटून घेतलं पाहिजे. दुष्परिणाम कुणाच्या अंगावर पडतो यावर त्याचं वजन ठरतं, आणि हे वजन चाचणीच्या तक्त्यात दिसत नाही.

आता त्या आवडत्या उपमेकडे येते. या औषधांबद्दल उत्साहानं बोलणारे लोक म्हणतात, साधी केमो म्हणजे पाटानं मोकळं सोडलेलं पाणी, पिकाला मिळतं तसं तणालाही मिळतं. लिपोसोम म्हणजे ठिबक, थेट मुळाशी. आपल्या दुष्काळी भागात ही उपमा चटकन पटते. पण ठिबकची नळी झाडापर्यंत अंथरलेली असते. लिपोसोमला अशी नळी नाही. ते रक्ताबरोबर सगळीकडे फिरतं. भरवसा एवढाच, की गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या असल्यानं सच्छिद्र असतात, तिथून हे कण बाहेर झिरपतात आणि निचरा नीट नसल्यानं तिथेच साचतात. जपानच्या कुमामोतो इथले हिरोशी माएदा आणि यासुहिरो मात्सुमुरा यांनी १९८६ मध्ये हे मांडलं. प्रयोगशाळेतल्या उंदराच्या गाठीत ते ठळक दिसतं, कारण ती गाठ काही आठवड्यांत वाढते. माणसाची गाठ वर्षानुवर्षं वाढते. एकाच रुग्णाच्या दोन गाठींमध्येही छिद्रांचं प्रमाण सारखं नसतं.

२०१६ मध्ये टोरोंटोच्या वॉरन चॅन यांच्या गटानं आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे अभ्यास एकत्र तपासले. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोहोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण निघालं ०.७ टक्के. शंभरातला एकही पुरता नाही. उरलेले बहुतेक यकृत, प्लीहा आणि इतरत्र. अनेकांना या आकड्यानं धक्का बसला, काहींनी मोजण्याच्या पद्धतीवर वाद घातला, आणि तो वाद योग्यच होता. मला तो आकडा मोलाचा वाटतो, कारण त्यानं आमच्या क्षेत्रातली भाषा जमिनीवर आणली. डॉक्सोरुबिसिनच्या लिपोसोमचं खरं श्रेय गाठीपर्यंत अचूक पोहोचण्यात कमी आणि हृदयापासून दूर राहण्यात जास्त आहे. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट असतात, शंभर नॅनोमीटरची पिशवी तिथून सहज बाहेर पडत नाही.

आणि नुसतं पोहोचणंही पुरत नाही. सिस्प्लॅटिन हे औषध घ्या. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला शेक, म्हणजे किरणोपचार, देतात तेव्हा दर आठवड्याला सलाइनमधून हेच औषध चालू असतं. मूत्रपिंडं, कान आणि नसा यांच्यावर त्याचा मार बसतो, उलट्यांनी बाई गळून जाते. याचीही लिपोसोम बनवली गेली, नाव एसपीआय-७७. पिशवी उत्तम, टिकाऊ, गाठीत साचणारी. रुग्णांवर चाचण्या झाल्या आणि गुण जवळजवळ आलाच नाही. कारण शोधलं तेव्हा कळलं, की औषध आतून सुटतच नव्हतं. पिशवी इतकी पक्की झाली होती की गाठीच्या दारात जाऊनही ती बंदच राहिली. त्यानंतर आम्ही औषधशास्त्राची माणसं किती भरलं याच्याबरोबर किती सुटलं हे मोजल्याशिवाय पुढे जात नाही. सिस्प्लॅटिनला चांगला वाहक मिळणं हे काम अजून बाकी आहे. आपल्या भागातल्या स्त्रियांना ज्या औषधाचा सर्वांत जास्त उपयोग, त्याचंच काम बाकी आहे, हे मला बोचतं.

काही ठिकाणी वाहकानं आयुष्यही वाढवलं, ते सांगायला हवं. रक्ताच्या एका जहाल कॅन्सरमध्ये दोन जुनी औषधं, सायटाराबिन आणि डॉनोरुबिसिन, एकाच लिपोसोममध्ये ५ ला १ या प्रमाणात कोंडली. सुटी दिली तर ती शरीरात वेगवेगळ्या वेगानं नाहीशी होतात आणि प्रमाण बिघडतं. ६० ते ७५ वयाच्या ३०९ रुग्णांमध्ये मध्यक आयुर्मान ५.९५ महिन्यांवरून ९.५६ महिन्यांवर गेलं. २०१७ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. साडेतीन महिने ऐकायला थोडे वाटतात, ज्यांच्या घरात ते मिळाले त्यांना वाटत नाहीत.

भारतीय कंपन्यांनी ही कला चांगली आत्मसात केली आहे. २०११ च्या अखेरीस अमेरिकेत डॉक्सिल बनवणारा कारखाना बंद पडला, रुग्ण अर्ध्या उपचारात अडकले, तेव्हा फेब्रुवारी २०१२ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनानं मुंबईच्या सन फार्माचं लिपोडॉक्स आयात करायला तात्पुरती परवानगी दिली. वर्षभरानं, फेब्रुवारी २०१३ मध्ये, सनच्या औषधाला रीतसर मान्यता मिळाली. साध्या गोळीची नक्कल करणं आणि लिपोसोमची नक्कल करणं यांत फार अंतर आहे. रेणू तोच असला तरी पिशवीचा आकार, भिंतीची जाडी, आतल्या स्फटिकांची ठेवण, सुटण्याचा वेग, सगळं जुळावं लागतं. म्हणूनच केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानं २०१९ मध्ये नॅनो औषधांच्या मूल्यमापनासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली.

आता मी आपल्या जिल्ह्याकडे वळते, आणि इथे मला घाई करायची नाही.

सुरुवात मुंबईतून करते. तिथल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २००३ ते २०११ या काळात गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या ८५० स्त्रियांवर एक चाचणी झाली. सगळ्यांचा रोग तिसऱ्या टप्प्याच्या ‘ब’ पायरीवर, म्हणजे ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत गेलेला. निम्म्यांना नुसता शेक, निम्म्यांना शेकाबरोबर सिस्प्लॅटिन. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ४६ टक्के आणि ५४ टक्के. औषधानं शंभरात आठ जणी वाचवल्या, ही मोठी गोष्ट आहे. पण एकाच आजाराच्या एकाच इतक्या पुढच्या पायरीवर साडेआठशे स्त्रिया एका रुग्णालयाला मिळतात, ही त्याहून मोठी आणि वाईट गोष्ट आहे. त्या इतक्या उशिरा का आल्या?

अशा स्त्रियांना वेळेत कसं गाठायचं, याचं उत्तर शोधायला जगाला धाराशिवमध्ये यावं लागलं, आणि त्याची पायाभरणी शेजारी झाली. आपल्यापासून पन्नास किलोमीटरच्या आत बार्शी आहे. तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालयात १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू आहे. भारतातली ती पहिली ग्रामीण नोंदणी, आणि तिच्या क्षेत्रात बार्शीबरोबर आपले परंडा आणि भूम हे तालुके होते. गावोगाव फिरून, मृत्यूच्या नोंदी पाहून, घरी बसून चौकशी करून कार्यकर्त्यांनी ती उभी केली. शहरात बसून ज्याचा अंदाज बांधला जायचा ते पहिल्यांदा मोजलं गेलं.

मग १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीचा एक प्रचंड अभ्यास सुरू झाला. फ्रान्समधल्या ल्यों इथल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. शंकरनारायणन, बार्शीचे डॉ. बी. एम. नेने, टाटा मेमोरियलचे डॉ. सुरेंद्र शास्त्री, डॉ. कस्तुरी जयंत ही त्यातली प्रमुख मंडळी. गावांचे ५२ समूह पाडले आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात आल्या. या सभागृहात बसलेल्या काही जणींच्या आया आणि सासवा त्या यादीत असतील. चार गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरले. एका गटात एचपीव्ही या विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची पॅप तपासणी, तिसऱ्यात अ‍ॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, चौथ्या गटात नेहमीचीच व्यवस्था. ज्यांना तपासणी देऊ केली त्यांतल्या जवळजवळ ८० टक्के स्त्रिया आल्या. ‘अंगावरून पांढरं जातं’ हे नवऱ्यालाही न सांगणाऱ्या बाया परक्या माणसासमोर तपासणीला आल्या. त्यामागे घरोघर जाऊन बोलणाऱ्या कार्यकर्त्यांचे श्रम होते. ते श्रम कुठल्याही निबंधात पुरेसे लिहिले गेलेले नाहीत.

निकाल २ एप्रिल २००९ च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात पुढे गेलेला कॅन्सर ३९ जणींत सापडला, तपासणी न झालेल्या गटात ८२ जणींत. मृत्यू ३४ आणि ६४. दोन्ही गटांत तीस-चौतीस हजार स्त्रिया. म्हणजे एका चाचणीनं मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. उरलेल्या दोन पद्धतींनी या अभ्यासात मृत्यूत ठोस घट दिसली नाही. आज जगभर एचपीव्ही चाचणीची शिफारस होते, त्यामागच्या सर्वांत भक्कम पुराव्यांपैकी एक पुरावा आपल्या जिल्ह्यातल्या बायांनी दिलेला आहे.

त्या चौथ्या गटाबद्दल नंतर नैतिक वाद झाला, आणि तो टाळून पुढे जाणं मला पटत नाही. तपासणीचा उपयोग जगाला माहीत असताना ३१,४८८ स्त्रियांना ती का दिली नाही, असा आक्षेप होता. देशात कुठेही अशी नियमित तपासणी नव्हती, म्हणून तुलनेचा गट देशाच्या वास्तवाप्रमाणे ठेवला, असं उत्तर दिलं गेलं. मला ते उत्तर अर्धंच वाटतं. त्या ६४ मृत्यूंमुळे जे ज्ञान मिळालं ते वापरण्याची जबाबदारी आपल्यावर पडते, आणि ती आपण अजून पुरती उचललेली नाही. राष्ट्रीय कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी सांगितली आहे. आपल्या गावच्या आरोग्यकेंद्रात ती किती जणींची झाली, हा प्रश्न ग्रामसभेत विचारा. आशाताईंना याचं उत्तर ठाऊक असतं, त्यांना बोलू द्या.

कुणी म्हणेल, तुम्ही लिपोसोमवर बोलायला आलात आणि तपासणीवर पोहोचलात. माझ्या दृष्टीनं दोन्ही एकच काम आहे. शंभर नॅनोमीटरची पिशवी रक्तातून गाठीपर्यंत नेण्यावर आम्ही पन्नासहून अधिक वर्षं घालवली. उमरग्याहून, लोहाऱ्याहून बाईला वेळेत तपासणीपर्यंत आणण्यावर तेवढीच बुद्धी खर्च व्हायला हवी होती. तिसऱ्या टप्प्यात आलेल्या रुग्णाला जगातलं सर्वोत्तम लिपोसोम दिलं तरी त्या औषधाच्या हातात उरलेलं काम फार थोडं असतं.

नव्या पिढीच्या कणांबद्दल थोडक्यात सांगते. २०१८ मध्ये पॅटिसिरान हे आनुवंशिक आजारावरचं औषध आलं, आणि २०२० मध्ये कोरोनाच्या एमआरएनए लसी. त्यांतले स्निग्ध कण वेगळे, त्यांचा खास लिपिड रक्तात विद्युतभाररहित असतो आणि पेशीच्या आत आम्लता वाढली की धनभारित होऊन दार उघडतो. पुण्याच्या जेनोव्हानं एमआरएनए लस विकसित केली, तिला जून २०२२ मध्ये परवानगी मिळाली, तिचा वाहकही स्निग्धच. आता या कणांतून रुग्णाच्या स्वतःच्या गाठीची ओळख शरीराला करून देण्याचे प्रयत्न चालू आहेत. त्वचेच्या मेलानोमा या कॅन्सरच्या १५७ रुग्णांवरच्या चाचणीत अशी लस आणि प्रतिकारशक्तीचं औषध एकत्र दिल्यावर रोग परतण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. संख्या लहान आहे, मोठ्या चाचण्या सुरू आहेत. प्रत्येक रुग्णासाठी वेगळी लस बनवावी लागते, त्यामुळे खर्चाचा प्रश्न विज्ञानाच्या प्रश्नाइतकाच कठीण आहे.

मग लिपोसोमल डॉक्सोरुबिसिन धाराशिवच्या रुग्णाला मिळावं का? माझं उत्तर हो असं आहे, पण सरसकट नाही. वय झालेली किंवा हृदय आधीच अशक्त असलेली रुग्ण, पूर्वी साध्या डॉक्सोरुबिसिनचा कोटा संपत आलेली रुग्ण, आणि अंडाशयाचा कॅन्सर परत उलटलेली रुग्ण, यांच्यासाठी या औषधाचा आग्रह धरावा. बाकीच्या बहुतेकींना साधं औषध तेवढाच गुण देतं आणि फार स्वस्त पडतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपल्या रुग्णाला नेमकं काय मिळू शकतं, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला उपचार सुरू होण्याआधी विचारा. नातेवाइकांनी शेत विकायला काढण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारावं: लिपोसोमलनं आमच्या पेशंटला नेमका काय फायदा, हृदयाचा की आयुष्याचा? या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. हे औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवायचं आणि गोठू द्यायचं नाही, गोठलं की पिशव्या फुटतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि वीज जाते, तेव्हा फ्रिजला बॅकअप आहे का हे औषध मागवण्याआधी बघा. ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायचं, मिठाच्या सलाइनमध्ये नाही. पहिला डोस हळू सोडा, काही रुग्णांना सुरुवातीच्या मिनिटांतच छाती दाटते, चेहरा लाल होतो, कंबर दुखते. नळी थांबवली की बहुतेकांचं उतरतं आणि मग सावकाश पुढे जाता येतं. आणि कुपीवरचं नाव दोनदा वाचा. साधं डॉक्सोरुबिसिन आणि लिपोसोमल डॉक्सोरुबिसिन ही दोन वेगळी औषधं आहेत, त्यांचे डोस वेगळे आहेत. एकाच्या जागी दुसरं गेलं तर रुग्णाच्या जिवावर बेततं.